माझ्या पोटातला कच्चा दोरा

मी एक म्हातारा सरडा आहे आणि, मित्रांनो, आधीच कबूल करून टाकतो, मी एक नंबरचा भित्रा आहे. कुंपणावरून सुळकन पळणारा सरडा तुम्ही पाहिला असेल. तो मी नव्हे. मला पळता येत नाही. मी झाडावर राहणारा, फांदी पायांच्या चिमट्यात घट्ट धरून एकेक पाऊल टाकणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा आणि लांबलचक जीभ फेकून किडा टिपणारा सरडा आहे. रंग बदलतो म्हणून लोक माझे कौतुक करतात. पण मी काही कोणाच्या करमणुकीसाठी रंग बदलत नाही. भीती वाटली की मी काळा पडतो, इतके ते साधे आहे. ज्याला पळता येत नाही, त्याने आणखी काय करावे?

माझे लहानपण एका दुकानातल्या काचेच्या पेटीत गेले. येणारा-जाणारा काचेवर टकटक करी आणि मी काळा पडे. पुढे कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने मला विकत घेतले. ती परगावी निघाली तेव्हा टेलर मास्तरांकडे आपला कोट न्यायला आली आणि माझा पिंजरा तिथे ठेवून म्हणाली, "काका, दोनच दिवस सांभाळा हं." कोट घेऊन गेली ती गेलीच. त्या दोन दिवसांना आता चार वर्षे झाली.

मास्तरांची खोली लांबट होती. एका टोकाला कापड बेतायचे टेबल, मध्ये दोन शिलाई मशिनी, भिंतीला टेकून उभा केलेला बिनडोक्याचा पुतळा आणि दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी, माझा जाळीचा उंच पिंजरा. त्यात एक कुंडीतले झाड, वर उबेचा दिवा. मास्तर सकाळ-संध्याकाळ पानांवर पाण्याचा फवारा मारत. इस्त्रीच्या कपड्यांवर मारायचे तेच ते फवाऱ्याचे भांडे! मी पानांवरचे थेंब चाटत असे. सकाळी ऊन आले की मास्तर पिंजऱ्याचे दार उघडत आणि मी हळूहळू खिडकीत ठेवलेल्या दुसऱ्या कुंडीतल्या झाडावर जाऊन बसे. गिऱ्हाईक आले की मास्तर अभिमानाने सांगत, "हा आमचा मुकादम. एक डोळा माझ्यावर, एक तुमच्यावर." लोक हसत. माझे बरे चालले होते.

घरात दुसरे माणूस म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. ती बसची कंडक्टर होती, आता निवृत्त झालेली. नोकरी सुटली, पण आवाज काही सुटला नव्हता. ताईने "मास्तर!" म्हणून हाक मारली की पुतळासुद्धा दचकेल असे मला वाटे. सख्ख्या भावालाही ती मास्तरच म्हणे.

आणि मास्तर? ते माझ्यापेक्षा भित्रे होते. दारावरची बेल वाजली तरी आधी छातीवर हात ठेवायचे. त्यांची बायको साध्या तापासाठी म्हणून दवाखान्यात गेली होती, ती परत आली नाही. तेव्हापासून दवाखान्याचे नाव काढले की ते विषय बदलत. हे मला ताईच्या बोलण्यातून कळले होते.

त्या सकाळी मी खिडकीतल्या झाडावर होतो. टेबलाच्या कडेला कच्च्या टाक्यांचे दोरे पडले होते. कपडा नीट बसावा म्हणून शिंपी आधी मोठे मोठे सैल टाके घालतो आणि शिलाई झाली की ते ओढून काढून टाकतो. असा पांढऱ्या दोऱ्यांचा एक गुंता पंख्याच्या वाऱ्याने उडून माझ्या फांदीच्या टोकाशी अडकून लोंबत होता आणि त्यावर एक गुबगुबीत पतंग येऊन बसला. मी दोन्ही डोळे त्याच्यावर लावले, जीभ फेकली आणि पतंग तोंडात घेतला. त्याच्याबरोबर काहीतरी लांब, कोरडे, बेचव असे घशात सरकले. मी ते थुंकायचा प्रयत्न केला, पण आमच्या तोंडाला ती कला येत नाही. मी ते गिळले. मास्तर तेव्हा बटणांची काजे करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी मला भूक लागली नाही. तिसऱ्या दिवशी पोट दगडासारखे झाले. मास्तरांनी डब्यातून रातकिडा सोडला. तो माझ्या नाकावरून चालत गेला, तरी मी जीभ हलवली नाही. खाली पिंजऱ्याचा तळ कोरडा होता. मला शौचाला झालेच नव्हते. पोटात मधूनच कळ यायची आणि मी फांदी आणखी घट्ट धरायचो.

मित्रांनो, आता आमच्या जातीचा एक दोष सांगतो. आम्ही दुखणे लपवतो. रानात जो आजारी दिसतो तो आधी पकडला जातो. म्हणून पोटात आग पडली तरी आम्ही डोळे उघडे ठेवून, काही झालेच नाही असे बसतो. मीही तसाच बसलो.

"नखरे करतोय," मास्तर म्हणाले. "रातकिड्यांना कंटाळला असेल." त्यांनी नाकतोडे आणले. मग कुठल्याशा गुबगुबीत अळ्या आणल्या. मी तोंड फिरवले.

पाचव्या दिवशी ताई पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून बसली. बराच वेळ तिने मला नुसते पाहिले. "मास्तर, याचे डोळे आत गेलेत."

"ऊन नाही ना दोन दिवस. म्हणून सुस्तावलाय."

"सुस्ती नाही ही. चल, डॉक्टरकडे नेऊ."

"उद्या बघू. आज तो सूट द्यायचाय."

उद्या आले, परवा आले. मास्तरांकडे रोज एक सूट निघत होता. पण मशीन चालवता चालवता ते दर दोन मिनिटांनी माझ्याकडे पाहत आणि पटकन नजर काढून घेत. तेव्हा मला समजले की यांना सगळे दिसते आहे. डॉक्टर काय सांगतील त्याची त्यांना धास्ती होती. मी माझे दुखणे त्यांच्यापासून लपवत होतो आणि ते तेच दुखणे स्वतःपासून लपवत होते. अशा दोन भित्र्यांच्या तावडीत माझा जीव सापडला होता.

नवव्या दिवशी माझ्या मागच्या पायाची पकड सुटली. मी फांदीवरून घसरलो आणि शेपटीच्या वेटोळ्यावर लटकलो. ताईने ते पाहिले. तिने मशिनीचे बटण बंद केले, टोपीच्या खोक्याला भोके पाडली, आत एक काठी आडवी बसवली आणि म्हणाली, "उठ. तू येत नसशील तर मी एकटी जाते."

मास्तर उठले. चपला उलट्या घालून निघाले.

दवाखान्यातली ती अर्धी घटका मी कधी विसरणार नाही. खोक्याच्या भोकांतून कुत्र्यांचा वास येत होता. एक थोराड कुत्रा खोक्यापाशी येऊन गुरगुरला आणि मी काळाठिक्कर पडलो. मग झाकण उघडले आणि वरून एक पांढरा हात आला. आमच्यासाठी वरून येणारी प्रत्येक वस्तू म्हणजे घार असते. मी तोंड वासून फिस्कारलो. डॉक्टरबाईंनी हात मागे घेतला, माझ्यासमोर खालून धरला आणि मी आपणहून चढेपर्यंत वाट पाहिली.

त्यांनी वजन केले, पोट बोटाने चाचपले, एक्स-रे फोटो काढला. "आतडं तुंबलंय. फोटोत अडथळा नीट दिसत नाही, म्हणजे दगड किंवा धातू नाही. काहीतरी मऊ आहे." मग त्यांनी मास्तरांकडे पाहिले. "घरात काम काय चालतं तुमच्या?"

"शिवणकाम."

डॉक्टरबाईंनी मास्तरांच्या बाहीवर चिकटलेला एक पांढरा दोरा चिमटीत धरून उचलला आणि टेबलावर ठेवला. मास्तरांचा चेहरा माझ्यासारखाच रंग बदलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"माझ्यामुळे झालं," ते म्हणाले.

"ते नंतर. आता ऐका. वय झालंय याचं, ऑपरेशन जोखमीचं आहे. तीन दिवस औषध देऊन बघू. ऊब पाहिजे, पाणी पाहिजे. दिवसातून चार वेळा तोंडात थेंब थेंब. सुटलं तर सुटलं. नाहीतर चौथ्या दिवशी सकाळी घेऊन या, मग कापावंच लागेल. आणि एक. दोरा असेल आणि टोक बाहेर आलं, तर ओढायचं नाही. काही झालं तरी नाही. आतडं फाटेल."

ते तीन दिवस! ताई मला एका फडक्यात धरी आणि मास्तर सुई नसलेली सिरिंज माझ्या ओठांच्या कोपऱ्यात लावत. त्यांचे हात असे थरथरत की अर्धे औषध ताईच्या मनगटावर. मला वाटे, आज हे मला मारणार. मी फिस्कारलो, नख्या रोवल्या. पहिल्याच दिवशी मी मास्तरांच्या अंगठ्याला कडकडून चावलो. ते ओरडले नाहीत. अंगठा तसाच माझ्या तोंडात ठेवून म्हणाले, "ताई, तोंड उघडलंय. दे लवकर थेंब." त्या वेळी मला त्यांचा राग आला होता.

औषध झाले की ते मला कुंडीसकट न्हाणीघरात ठेवत आणि गरम पाण्याचा नळ सोडत. वाफ भरे. मास्तर बाहेर दाराशी बसून राहत. शिवायचे कपडे तसेच पडून होते. गिऱ्हाईक आले की ताई दारातूनच सांगे, "घरात आजारपण आहे. पुढच्या आठवड्यात या." कोण आजारी आहे ते ती सांगत नसे.

दोन दिवस गेले. काही झाले नाही. तिसऱ्या दिवशी माझ्यात फिस्कारायचेही त्राण उरले नाही. ताईने फडके न गुंडाळताच मला धरले आणि मी गप्प राहिलो. मास्तर म्हणाले, "बघ, शांत झाला." ताई ओळखून होती. जो घाबरायचेही सोडून देतो, त्याचे काही खरे नसते.

दुपारी वाफेत बसलो असताना पोटात अशी कळ आली की माझे दोन्ही डोळे मिटले. काहीतरी सरकले. थोडेसे बाहेर आले आणि अडकले.

"ताई! टोक! टोक दिसतंय!"

दाराच्या फटीतून पाहणारे मास्तर ओरडतच आत धावले. माझ्या मागे बोटभर पांढरा दोरा लोंबत होता. मित्रांनो, चाळीस वर्षे या माणसाने दिसेल तो कच्चा दोरा ओढून काढला होता. त्यांचा हात विचार न करताच पुढे आला. बोटांनी टोक धरले. मला आत, पार बरगड्यांपर्यंत, ताण जाणवला आणि मी ओरडलो असतो, पण आम्हाला ओरडता येत नाही.

"सोड!" ताईचा आवाज आला. भरलेली बस जागच्या जागी थांबवणारा तो आवाज. "मास्तर, सोड तो दोरा!"

मास्तरांनी बोटे उघडली. स्वतःच्या हाताकडे ते असे बघत राहिले, जणू तो दुसऱ्याचाच आहे.

ताईने फोन लावला आणि डॉक्टरबाईंचे सांगणे मोठ्याने पुन्हा म्हणू लागली. "ओढू नका. बाहेर आहे तेवढाच कापा. टोक थोडं राहू द्या. वाफ चालू ठेवा. वाट बघा."

मास्तरांनी छोटी कात्री आणली. मी डोळा मागे वळवून पाहत होतो. धारेची ती दोन चमकती पाती माझ्या शेपटीखाली आली आणि मला वाटले, संपले. पण मित्रांनो, सिरिंज धरताना थरथरणारा तो हात कात्री धरताच स्थिर झाला. खट्. दोरा कापला गेला. मला काहीच कळले नाही.

मग आम्ही तिघांनी वाट पाहिली. पाणी गार झाले, पुन्हा तापवले. उन्हे कलली तेव्हा आणखी एक कळ आली आणि पोटातला सगळा गुंता एकदम मोकळा झाला. दोरा, पतंगाचा एक पंख आणि बारा दिवसांची घाण. ताई नाक मुरडणाऱ्यांतली, पण ती खाली वाकून ते निरखत म्हणाली, "वा! काय सुंदर!" आणि मास्तर न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर बसून लहान मुलासारखे रडले.

मी लगेच खडखडीत बरा झालो असे मात्र नाही. भूक यायला आणखी सहा दिवस लागले. पहिला रातकिडा मी जीभ फेकून नाही, ताईने चिमट्यात धरला तेव्हा तोंडानेच घेतला. माझी जीभ आता अर्ध्याच अंतरावर जाते. वजन पूर्वीइतके कधी भरले नाही. मास्तरांनी शिवणकाम आतल्या खोलीत हलवले. त्या खोलीत उजेड कमी आहे, त्यांना आता दिवसासुद्धा दिवा लावून सुईत दोरा ओवावा लागतो. माझ्या खोलीत यायच्या आधी ते दारात उभे राहून बाह्या, कॉलर, खिसे तपासतात, झटकतात. रोज.

आणि मी? ते जवळ आले की मी अजूनही काळा पडतो. त्यांचा हात दिसला की फांदीच्या मागे सरकतो. त्यांनी मला वाचवले हे मला कळते, पण माझ्या अंगाला ते कळत नाही. मास्तरांनाही हे ठाऊक आहे. ते हात मागे घेतात, खुर्ची थोडी लांब ओढतात आणि आज मी किती खाल्ले, काय टाकले, डोळे कसे आहेत ते पाहत बसतात.

मित्रांनो, कुत्रा शेपटी हलवून तुमचे उपकार फेडतो, मांजर मांडीवर येऊन झोपते. पण घरात एखादा असाही जीव असतो, जो जन्मभर तुम्हाला घाबरतच राहणार. तो तुमच्याकडे कधी झेपावणार नाही आणि दुखले तरी सांगणार नाही. त्याला हात लावू नका, पण त्याच्यावरून नजरही काढू नका. त्याने खाणे सोडले तर उद्यावर ढकलू नका. तुम्हालाही भीती वाटेल. वाटू द्या. मास्तरांसारख्या चपला उलट्या घालून निघालात तरी चालेल, पण निघा.