दोन लाल ठिपके

मासेवाल्याने काचेला नाक लावलं आणि तो आत बघत राहिला. त्याचं शोभेच्या माशांचं दुकान आहे, आमच्या टाकीचं पाणी तपासायला आला होता. बायको असेपर्यंत त्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचं, आतल्या दगडांचं आणि त्यावरच्या प्रवाळांचं सगळं तीच बघायची. ती गेल्यापासून हा येऊन बघून जायचा. मधला महिना त्याची आई पाय घसरून पडली होती म्हणून आला नव्हता. मी चहा टाकून बाहेर आलो, तर त्याने टाकीवरच्या दिव्याचा उजेड पार खाली आणलेला.

"काका, लाइट कुणी वाढवली?"

मी म्हटलं, मीच. आता बघ कशी खुलली आहेत.

"खुलली नाहीत, काका. पांढरी पडलीत." आतल्या खोलीत कुणी आजारी असावं तसा तो हळू बोलत होता. "ह्यांच्या अंगात बारीक शेवाळ असतं, त्यावर ही जगतात. रंग त्याचाच. उजेड जास्त झाला की ते शेवाळ बाहेर टाकून देतात. मग दिसतात छान. पण उपाशी असतात."

चहा त्याने घेतला नाही. नळीने तळाचा गाळ काढत राहिला.

त्या दिव्याला फिरवायची दोन बटणं आहेत, एक पांढऱ्या उजेडाचं, एक निळ्याचं. त्यावरचे आकडे खारट ओल्या बोटांनी कधीच पुसले गेले होते. म्हणून तिने नेलपॉलिशचा एकेक लाल ठिपका दिला होता, बटण कुठवर न्यायचं त्याची खूण. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायची आणि घरी येऊन टाकीत. म्हणायची, जास्त उजेड कुणालाच सोसत नाही, माणूस निदान डोळे तरी मिटतो. नवीन प्रवाळ आणलं की ते आधी खाली सावलीत ठेवायची आणि दिवसांमागून दिवस थोडं थोडं वर सरकवायची. माझा जन्म गेला लिफ्ट दुरुस्त करण्यात. मी मदतीला हात पुढे केला की म्हणायची, "तुम्हाला दोनच गोष्टी येतात, वर नेणं आणि खाली आणणं. इथे मध्ये थांबायचं असतं."

ती गेल्यावर मेहुणी येऊन राहिली. रडायची आणि घासायची. भांडी, फरशा, खिडक्यांचे गज, काही सोडलं नाही. एका सकाळी मला म्हणाली, "भाऊजी, त्या दिव्यावर केवढं मीठ साचलं होतं हो. ताईला वेळच मिळाला नसेल शेवटी. चकचकीत केलंय बघा." मी बघितलं. ठिपके गेले होते. बटणंही पुसताना फिरली होती, कुठून कुठे ते कळायला मार्ग नव्हता. मी तिला म्हटलं, बरं केलंस. दुसरं काय म्हणणार? बहिणीसाठी जे करता येईल ते ती करत होती.

पुढे टाकीत सगळं तपकिरी, मळकट दिसायला लागलं. मला वाटलं, उजेड पुरत नाही. मी दोन्ही बटणं वर नेली. काही दिवसांत प्रवाळं उजळायला लागली. फिकट गुलाबी, फिकट निळी. भेटायला येणारे लोक माझ्याशी काय बोलावं ते न कळून टाकीकडे बघायचे आणि म्हणायचे, छान ठेवलंय हो तुम्ही. मुलीने फोनवर बघितलं. "बाबा, किती सुंदर दिसतंय," म्हणाली, "आई असताना पण असं नव्हतं." त्या दिवशी मी पोटभर जेवलो होतो.

मासेवाला गाळ काढत असताना मला तिचं शेवटचं वर्ष आठवत होतं. तीही उजळली होती. शेजारच्या वहिनींनी जिन्यात थांबवून विचारलं होतं, चेहऱ्याला काय लावता, आम्हालाही सांगा. ती म्हणाली, "लावत काही नाही, ह्यांचं डोकं खाते रोज." तिघंही हसलो. मग तिला जिना चढताना दम लागायला लागला, आणि डॉक्टरने खालची पापणी ओढून बघितली आणि रक्त तपासायला सांगितलं.

मासेवाल्याने एकेका दगडावरचं प्रवाळ बोटाने दाखवलं. हे गेलं. हेही गेलं. ह्याचं सांगता येत नाही. सगळ्यात खाली, कपारीच्या आत, तिने नखाएवढ्या तुकड्यापासून वाढवलेलं एक होतं. आता ते तळहाताएवढं झालं होतं. सावलीत होतं म्हणून त्याचा रंग अर्धा तरी राहिला होता. तो म्हणाला, हे माझ्याकडे द्या, दुकानात माझी नजर राहील. मुलीचंही तेच म्हणणं होतं. टाकी देऊन टाका आणि माझ्याकडे या, कुणासाठी सांभाळताय? दोघांचंही खरं होतं.

मी म्हटलं, हे एवढं राहू दे.

त्याने नळी गुंडाळून ठेवली. "काकू असत्या तर त्यांनी मला हातसुद्धा लावू दिला नसता," म्हणाला. मग समजावून सांगितलं. आत्ता आहे तेवढाच उजेड ठेवा. त्याचा रंग भरला की बटण केसभर वर न्यायचं आणि थांबायचं. चांगलं दिसलं तर पुन्हा केसभर. जिथे ते नीट फुलेल तिथे खूण करून ठेवा, म्हणजे पुन्हा घोळ होणार नाही.

बाकीचे दगड त्याने बादलीत घालून नेले. टाकी आता जवळजवळ रिकामी आहे. नुसतं पाणी हलतं. कपारीतलं ते प्रवाळ हळूहळू भरलं, आता गडद तपकिरी झालंय. मासेवाला परवा येऊन बघून गेला. म्हणाला, जगलं, काका. आता उजेड वाढवायला हवा, नाहीतर असंच मळकट राहील.

नेलपॉलिशची बाटली तिच्या खणातून काढून मी दिव्याशेजारी ठेवली आहे. आतलं घट्ट झालंय, पण एका ठिपक्यापुरतं निघेल.

बटणाला मी अजून हात लावलेला नाही.