ओंजळीतलं ऊन

"मूठ उघड. आता मिटव. जोर नको गं, कमळ मिटतं तशी मिटव."

दहिवलीच्या अप्पा वैद्यांनी स्वतःचा हात पुढे धरून दाखवला. समोर बसलेल्या जिजा सुईणीची मूठ अर्धीच उघडली आणि थरथरत राहिली. गावातली कितीतरी माणसं या हातांत जन्मली होती, अप्पांची नातवंडंसुद्धा.

"बरा व्हंल का हात, अप्पा?"

"कंपवात आहे, जिजा. मुळातून जायचा नाही. पण बोटं आखडू द्यायची नाहीत. कोमट पाण्यात हात बुडव, एकेक बोट अंगठ्याला टेकव, ओला फडका पीळ. रोज."

"सुनंचं दिवस भरत आलंत. तिला मीच पायजे."

अप्पांनी तिचा अंगठा धरून पहिल्या बोटाला टेकवला.

पौषातल्या सकाळी उल्हास नदीवर धुकं बसलेलं असे. जिजा काठावरच्या खडकावर बसून हात उन्हाकडे धरी. अंगठा एका बोटाला भेटे, दुसऱ्याला भेटे, मग मध्येच वाट चुके. लांब घाट चढणाऱ्या आगगाडीची धाप ऐकू येई, आणि तिला वाटे, आपण अजून झोपेतच आहोत, ओंजळीत काहीतरी उबदार, ओलसर वळवळतंय. डोळे उघडले की ओंजळीत नुसतं ऊन असे.

हळूहळू तिला भाकरी मोडता येऊ लागली. सून जनी हरखली. "आत्या, सुधारला की वं हात!"

"व्हय गं," जिजा म्हणे आणि पुन्हा फडका पिळायला घेई.

एका दुपारी जनीला कळा सुरू झाल्या. जिजाने हात धुतले. नाळ बांधायचा दोरा घेऊन एक गाठ मारून पाहिली. दोरा निसटला. पुन्हा मारली, पुन्हा निसटला. तिने दोरा खाली ठेवला आणि लेकाला हाक मारली.

"पोशा, जा, कोंडी सुईनीला बोलाव."

"कोंडी नको," जनी रडू लागली. "तुमीच पायजे!"

"माजं हात माजं ऐकंत नाय, पोरी. लेकरू निसटलं म्हंजे?"

कोंडी आली, कामाला लागली. जिजा मागे बसली, जनीची पाठ आपल्या छातीशी धरून. "आता नको… दम घे… हां, आता!" दोघींचे श्वास एक झाले. कौलांतून उतरलेल्या कवडशात धुळीचे कण तरंगत होते. मग तान्ह्या लेकीचं रडणं घरभर झालं.

कोंडीने बाळ जिजापुढे केलं.

"आदी तिच्या आयशीला दे," जिजा म्हणाली.

फाल्गुनात एका सकाळी जिजा दारात बसली होती. एक परका गडी धापा टाकत आला.

"बाय, सुईनीचं घर कंचं? माज्या बायकूला कळा आल्यात."

जिजाचे पाय सवयीने सावरले. मग तिने कोंडीच्या घराकडे हात केला. हात एका दिशेला ठरेना. गडी गोंधळून इकडे पाही, तिकडे पाही.

जिजाने हात खाली घेतला, डोक्यावर पदर ओढला.

"चल रं," ती म्हणाली आणि कोंडीच्या घराच्या वाटेने त्याच्यापुढे चालू लागली.