टिकल्याला बघायला आलेली माणसं

जुन्नरच्या दस्तगीर कल्हईवाल्यात खोट अशी एकच होती. कुणी काही सांभाळायला दिलं, की नाही हा शब्द त्याच्या तोंडातून निघायचा नाही. या भिडेपायी आजवर त्याच्या अंगणात कुणाच्या कोंबड्या नांदून गेल्या, कुणाची वरातीची घोडी आठवडाभर बांधलेली राहिली. पण जिथं साऱ्या गावाची खाण्यापिण्याची भांडी येऊन पडतात, अशा घरी परक्याचं आजारी कुत्रं ठेवून घ्यायचं म्हणजे विकतचं दुखणं. दस्तगीरला ते कळत होतं. तरी त्यानं ते घेतलं, कारण कुत्रं जानकूचं होतं.

जानकू डिंगोऱ्याच्या पुढच्या एका डोंगरवाडीतला. भाताची चार खाचरं, वरईचा एक उतार आणि दाराशी हिरड्याचं झाड, एवढा त्याचा संसार. सुगी संपली की दस्तगीर भाता खांद्याला मारून तिकडं जायचा, त्या हिरड्याखाली भट्टी मांडायचा आणि आठवडाभर वाडीची भांडी कल्हई करायचा. भाता ओढायला जानकू. अठरा वर्षं हा माणूस कुणी न सांगता भाता ओढत आला होता, आणि बोलणं म्हणाल तर दिवसभरात दोघांचं मिळून दहा वाक्यांच्या वर जात नसे. तशी दोस्ती हल्ली बघायला मिळत नाही.

त्या वर्षी जानकूच्या पोटात गाठ निघाली. त्याच आठवड्यात त्याच्या टिकल्या कुत्र्याच्याही बरगडीखाली टेंगूळ आलं आणि त्यानं अन्न टाकलं. वाडीच्या भगतानं तांदळाचे दाणे मांडून पाहिले आणि सांगितलं की दोघं एका भाकरीवर वाढलेत, तेव्हा दुखणंही दोघांत एकच आहे. जानकू हसला. पण पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात जाण्यासाठी बायकोला, चिमाबाईला, घेऊन तो जुन्नरच्या एसटी स्टँडवर आला, तेव्हा त्याच्या काखेत टिकल्या होता. जुन्नरात गुरांचा डॉक्टर होता, वाडीत नव्हता. कुत्रं दस्तगीरच्या हातात देऊन तो म्हणाला, "ह्याला जप दस्तगीरभाऊ. ह्यो जगला तर मी जगलो समज."

दस्तगीरनं ते मायेचं बोलणं म्हणून ऐकलं. वाईट एवढंच झालं, की जानकूचा चुलतभाऊ सावळेराम पोचवायला आला होता आणि शेजारीच उभा होता. सावळेराम हा गावोगाव असतो तसला माणूस, ज्याला दुसऱ्याच्या दुखण्यात फार अंग मोडून काम करायचं असतं. त्यानं ते वाक्य जसंच्या तसं वाडीवर नेलं आणि भगताच्या सांगण्याला जोडून दिलं.

घरी बिबिजाननं कुत्रं पाहिलं आणि नवऱ्याला अटी घातल्या. कुत्रं उंबऱ्याच्या आत येणार नाही, कारण कुत्रं असलेल्या घरात फरिश्ते पाय ठेवत नाहीत. त्याचं तोंड लागलेलं भांडं सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीनं. आणि धुणार दस्तगीर. दस्तगीरनं कारागिराची अक्कल चालवली. सात वेळा धुण्यापेक्षा त्यानं टिकल्याची पितळी वाटी दर जेवणानंतर भट्टीत घालून नवसागराची पूड मारून नवी कल्हई करायला सुरुवात केली. आगीतून निघालेल्या भांड्याला कसला आलाय विटाळ, असा त्याचा मुद्दा. बिबिजानला तो पटला नाही. टिकल्यालाही पटला नाही, कारण चार दिवसांत वाटी आरशासारखी लखलखीत झाली, पेज ओतली की तिच्या काठात त्याला दुसरं एक रोडकं कुत्रं दिसू लागलं, आणि तो पेज सोडून त्याच्यावरच गुरगुरत बसला. शेवटी दस्तगीरनं कुंभाराकडून एक मातीचं परळ आणलं आणि वाटी ज्या गिऱ्हाइकाची होती त्याला परत केली. तिच्यावरची कल्हई अजून टिकून आहे म्हणतात.

तोवर बाजाराचा वार आला, आणि सकाळीच सावळेराम दोन मोसंबी घेऊन अंगणात हजर झाला. दस्तगीरला वाटलं, आपल्याला भेटायला आलाय. पण तो सरळ छपराखाली गेला, पोत्यावर पडलेल्या टिकल्यासमोर उकिडवा बसला, मोसंबी त्याच्या पायाशी ठेवली आणि बराच वेळ काही न बोलता बघत राहिला. मग दस्तगीरकडं वळून त्यानं खालच्या आवाजात विचारलं, रातीला झोप लागती का.

आपल्याकडं माणूस आजारी पडला की त्याला बघून यावं लागतं. बघून आलं नाही आणि तो बरा झाला, तर जन्मभर बोल लावतो. बरा झाला नाही, तर त्याहून वाईट. वाडीतल्या प्रत्येकाच्या मनाला हा घोर लागलेला होता. पुणं म्हणजे दोन एसट्या, तिथं दवाखाना सापडायचा, भेटीची वेळ धरायची, दारावरच्या माणसाला तोंड द्यायचं. उलट जुन्नरच्या बाजाराला तर सगळे येतच होते. आणि भगत म्हणालाच होता की दुखणं एकच. सावळेराम परत गेला आणि म्हणाला, बघून आलो.

पुढच्या बाजाराला अकरा माणसं आली. त्याच्या पुढच्या बाजाराला किती, हे दस्तगीरनं मोजणं सोडून दिलं. वाडीतली लंकाबाई कण्यांची पेज घेऊन आली आणि पदर डोळ्याला लावून बसली. सोनीबाईनं भगताचा अंगारा आणून टिकल्याच्या कपाळावरच्या पांढऱ्या टिकलीवर लावला. हे बघून बिबिजाननं, नाही म्हटलं तरी तिचाही जीव कळवळलाच असणार, दर्ग्यातून ताईत आणवला आणि दस्तगीरकरवी गळ्यात बांधवला. सावळेरामनं पोत्यावरून दोष काढला. आजारी माणूस जमिनीवर कसा, म्हणाला. तेव्हा अंगणातली सुंभाची बाज टिकल्याला मिळाली आणि दस्तगीर पोत्यावर बसून कल्हई करू लागला. आल्यागेल्याला चहा होताच. फरिश्त्यांचं जाऊ द्या, म्हणायची बिबिजान, आता तर माणसांनाच आत यायला जागा नाही.

दस्तगीरला या साऱ्याचं हसू यायला हवं होतं. पहिल्यांदा आलंही. पण एक दिवस पुण्याहून कार्ड आलं, ते पोस्टमननंच वाचून दाखवलं. दवाखान्यातल्या कुणाकडून तरी चिमाबाईनं लिहून घेतलं होतं, की दोन दिवस अन्न पोटात ठरत नाही. टिकल्यानंही बरोबर दोन दिवस परळाला तोंड लावलं नव्हतं. ते कार्ड हातात धरून दस्तगीर भट्टीपाशी उभा राहिला, आणि पुढ्यातलं कथील वितळून, जळून वाया गेलं तरी त्याचं लक्ष गेलं नाही. त्या दिवसापासून शहाणा माणूस वेड्यांत जमा झाला. सकाळी उठून तो आधी छपराखाली जायचा आणि टिकल्याच्या पोटावर हात ठेवायचा. पोट वर झालं, खाली झालं, की पुण्याला जानकू आहे म्हणायचा.

दोनदा तो पुण्याला जायला निघाला. नमाजाची पांढरी टोपी डोक्यावर घातली, पिशवीत भाकरी घेतली, स्टँडपर्यंत पोचला. पहिल्यांदा बिबिजाननं मागून निरोप धाडला की कुत्रं ओकतंय. दुसऱ्यांदा निरोप आला नाही, तरी तो एसटीच्या पायरीवरून उतरला. मी तिकडं गेलो आणि हा इकडं गेला, तर तिथं जाऊन मी कुणाला बघणार? मनाची अशी समजूत घालून तो घरी आला आणि टोपी खुंटीला अडकवली.

मग दुसरं कार्ड आलं. मंगळवारी ऑपरेशन.

मंगळवारी बाजार नसताना अख्खी वाडी दस्तगीरच्या अंगणात येऊन बसली. टिकल्याचं टेंगूळ नारळाएवढं झालं होतं आणि तो डोळे उघडत नव्हता. गुरांच्या डॉक्टरानं येऊन चाचपलं आणि सांगितलं की आत पू झालाय, आत्ता फोडलं नाही तर संध्याकाळ पाहणार नाही. फोडलं तर? तर जगेल, नाहीतर मरेल, म्हणाला. खरं बोलणारा डॉक्टर होता. त्यानं एक कागद पुढं केला. मालक कोण, अंगठा कुणाचा?

सावळेराम, जो इतके दिवस जानकूचा सख्ख्याहून सख्खा होता, एकदम दूरचा चुलत झाला. भगत म्हणाला, सुरी लावायची न्हाई. लंकाबाई म्हणाली, तिकडं त्यांनी लावली असंल तर? यावर दोन तट पडले आणि कुत्र्याच्या बाजेभोवती जी चर्चा झाली ती जिल्हा लोकल बोर्डाच्या सभेतही होत नसेल. दस्तगीर नुसता कागदाकडं बघत होता. अंगठा दिला आणि कुत्रं गेलं, तर अठरा वर्षं आपला भाता ओढणाऱ्या माणसाचा श्वास आपणच थांबवला, हे त्याला तिथल्या प्रत्येकापेक्षा जास्त खरं वाटत होतं. अंगठा नाही दिला, तर संध्याकाळ. त्यानं भट्टीतल्या काजळीत अंगठा बुडवला, कागदावर दाबला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

पू निघाला, आणि पाठोपाठ बोटभर लांबीचा बाभळीचा काटा. डॉक्टरानं तो हातावर घेऊन सगळ्यांना दाखवला. एवढ्यासाठी मोसंबी, अंगारे, ताईत आणि चहा. टिकल्यानं चौथ्या दिवशी परळ चाटून पुसून ठेवलं, आणि पाचव्या दिवशी कार्ड आलं की जानकूची गाठ काढली, धोका टळला. वाडीनं दस्तगीरला डोक्यावर घेतलं. डॉक्टरांनी जानकूला वाचवलं, असं म्हणणारा एकही माणूस डिंगोऱ्यापर्यंत सापडला नसता.

पंधरवड्यानं जानकू आला. अंगावरचा सदरा कुणा थोराडाचा वाटावा इतका वाळलेला. त्याच्यामागं गाठोडं घेऊन चिमाबाई. वाडीची माणसं आधीच अंगणात जमली होती. टिकल्यानं बाजेवरून उडी मारली, जानकूच्या पायात लोळण घेतली, आणि मग प्रत्येकजण आपण किती वेळा बघायला आलो ते सांगू लागला. सावळेराम म्हणाला, मी एकबी बाजार चुकवला न्हाई. लंकाबाईनं पेजेचं सांगितलं. मोसंबीच्या सालींचा ढीग कोपऱ्यात तसाच होता, तोही दाखवला गेला.

जानकू बाजेवर बसला. सगळं ऐकून घेतलं. बोलला तेव्हा त्याचा आवाज अगदी साधा होता.

"चाळीस दिस मी दाराकडं बघत व्हतो," तो म्हणाला. "शेजारच्या खाटंवरल्याला रोज कुनी ना कुनी यायचं. त्याची मानसं जाताना माज्याबी पायाशी जरा उभी ऱ्हायची. मला कुनी न्हाई म्हून."

सावळेराम भगताचं नाव काढणार होता, पण भगतच तिथून हळूच सटकला. चिमाबाई खाली मान घालून गाठोड्याची गाठ उगीच सोडत, बांधत राहिली. दस्तगीरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोनदा टोपी घातली होती, हे सांगावं असं त्याच्या ओठावर आलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. इतके दिवस तो ज्या जानकूच्या पोटावर हात ठेवत होता, तो जानकू नव्हताच.

दस्तगीर उठला आणि घरात गेला. खुंटीवरची पांढरी टोपी डोक्यावर घातली. कालच कुणीतरी टिकल्यासाठी आणलेली दोन मोसंबी उचलली आणि कुणाकडंही न बघता अंगणाचं फाटक उघडून रस्त्यावर निघून गेला. लोकांना वाटलं, याचं डोकं फिरलं. तो पार वळणापर्यंत गेला, तिथून माघारी वळला, सावकाश चालत आला आणि फाटकाशी थांबून त्यानं वहाणा काढल्या.

आत येऊन त्यानं मोसंबी जानकूच्या पायाशी ठेवली. बाजेसमोर उकिडवा बसला. आजाऱ्यासमोर बसावं तेवढा वेळ गप्प बसला.

"कसं वाटतंय आता?" त्यानं विचारलं.

जानकूनं त्याच्याकडं पाहिलं, टोपीकडं पाहिलं.

"लई उशीर केलास," तो म्हणाला. मग सदरा वर करून त्यानं टाक्यांची लांबलचक ओळ दाखवली आणि पहिल्या दिवसापासून सगळं सांगायला सुरुवात केली.

दस्तगीर ऐकत राहिला. थोड्या वेळानं सावळेराम हळूच उठला, सालींच्या ढिगाशेजारी उरलेलं एक मोसंबं घेतलं आणि फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. त्याच्यामागं लंकाबाई, सोनीबाई, एकेक करून सगळेच बाहेर जाऊन रांगेत उभे राहिले. बिबिजाननं चुलीवर पुन्हा चहाचं आधण ठेवलं, आणि टिकल्या बाजेखाली झोपून गेला.