कानाशी धरलेला पेला

सासऱ्यांनी दुसराही पेला सिंकमध्ये ओतून दिला आणि तिसऱ्या बाटलीचं झाकण पिळलं.

"हाही गप्प," ते स्वतःशीच म्हणाले. "दुकानदाराने नुसतं पाणी विकायला काढलंय आता."

सूनबाई ओट्याच्या टोकाला क्रीमचं भांडं धरून उभी होती. ओतलेला सोडा फसफसत सिंकच्या जाळीतून उतरत होता आणि त्याची ती कुजबुज तिला एवढ्या लांबूनही स्वच्छ ऐकू येत होती.

"बाबा, चांगला आहे की सोडा," ती म्हणाली.

त्यांनी मान वर केली नाही. रोज करत नसत, तशी आजही नाही.

रविवारचा क्रीम सोडा म्हणजे या घरातलं सासऱ्यांचं एकट्याचं राज्य. व्हॅनिलाचा पाक त्यांनीच उकळायचा, स्टीलचे उंच पेले त्यांनीच फ्रीजमध्ये गार करायचे. पेल्यात आधी पाक, मग बर्फ, मग सोडा आणि मग थांबायचं. पेला कानाशी धरून डोळे मिटायचे. सोड्याचा पहिला दंगा ओसरून आवाज बारीक झाला की चमच्याच्या पाठीवरून क्रीमची धार सोडायची. घाई केली तर फेस उतू जातो, उशीर केला तर क्रीमचा ढग धरत नाही. हल्ली तो पेला कानाशी जास्त जास्त वेळ राहू लागला होता. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी तिने विचारलं होतं, बघून नाही का कळत? तेव्हाही उत्तर सासूबाईंनीच दिलं होतं.

"अगं, यांचा डोळ्यांवर भरवसा नाही. बुडबुडे काय, शिळ्या पाण्यातही दिसतात म्हणे. गाडीचं दुखणंसुद्धा कानानेच ओळखतात. लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा आणि मूठ कानामागच्या हाडाला. गॅरेजात डॉक्टर म्हणतात यांना. आणि एक सांगून ठेवते, पेला कानाशी असताना साधा चमचा वाजवू नकोस. खेकसतात."

त्या दिवशी ती खूप हसली होती. पुढे ते हसू आटत गेलं. सकाळी काही विचारावं तर पेपरातून तोंड वर निघत नसे. डबा भरलाय म्हणावं तर डबा ओट्यावरच ठेवून निघून जात. बायकोशी गप्पा, मुलाशी गप्पा, भाजीवाल्याशी हुज्जत, आणि हिच्या वाट्याला नुसती पाठ. तिने आधी भाजीतलं मीठ तपासलं, मग पोळ्या तपासल्या, मग स्वतःला तपासलं. कुठे चुकलं ते सापडेना.

"बाबा तसेच आहेत गं," नवरा म्हणायचा.

तसेच असलेल्या माणसाच्या पाठीकडे बघत जन्म काढायचा, हे तिच्याने होईना. शेवटी तिने नवऱ्याला वेगळी खोली बघायला लावली. आत्ता तो तिकडेच गेला होता. परत आला की सोडा पिता पिता घरात सांगून टाकायचं, असं दोघांनी ठरवलं होतं.

सासऱ्यांनी तिसरा पेला कानाशी नेला आणि डोळे मिटले.

तेवढ्यात ओट्यावर, अगदी त्यांच्या कोपराला खेटून पडलेला तिचा फोन वाजला. बारीक घुंगरांसारखी धून. तिने जीभ चावली आणि आता खेकसणार म्हणून अंग चोरलं.

त्यांची पापणीही हलली नाही.

फोन वाजून थांबला, पुन्हा वाजू लागला. सासऱ्यांनी शांतपणे पेला एका कानावरून काढून दुसऱ्या कानाला लावला, कपाळाला आठी घातली आणि म्हणाले, "गप्प."

तिच्या हातातलं भांडं कलंडलं. गार क्रीम बोटांवरून मनगटापर्यंत ओघळलं, ते तिला कळलंच नाही. ती त्यांच्या कानाकडे बघत राहिली. मोठा, पाळीवर केस उगवलेला, चांगला धडधाकट दिसणारा कान.

"अहो, झालं का नाही?" बाहेरून सासूबाईंची हाक आली. "क्रीमसाठी गाईची धार काढायला गेलात की काय?"

"होतंय, होतंय," सासऱ्यांनी लगेच डोळे उघडले. "तुझ्या दुकानदाराने दगा दिलाय."

सासूबाईंचा आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा घुमायचा. नवऱ्याचाही तसाच, आईवर गेलेला. आणि तिचा? माहेरी सगळे कौतुकाने म्हणायचे, पोरीचा गळा म्हणजे रेशमाचा धागा, सुईच्या नाकातून जाईल इतका बारीक. फोनच्या घुंगरांसारखा, सोड्याच्या कुजबुजीसारखा.

तिने भांडं खाली ठेवलं. मग पुढे होऊन तिने सासऱ्यांच्या हातून पेला घेतला. ते इतके चकित झाले की त्यांनी तो देऊनही टाकला. तिने पेला कानाशी धरला. आत वाळूवरून लाट मागे सरावी तसा सोडा सळसळत होता.

फोन तिसऱ्यांदा वाजला. या वेळी तिने उचलला.

"खोली चांगली आहे," नवरा म्हणाला. "हो म्हणू ना?"

"नको."

"आता काय झालं? बाबा काही बोलले का तुला?"

"नाही," ती म्हणाली. "मीच बोलत होते. रोज बोलत होते. तू आधी घरी ये."

फोन ठेवून ती सासऱ्यांच्या समोर येऊन उभी राहिली. पोटातून, होता होईल तेवढा जाड आवाज काढून म्हणाली, "बाबा."

ते दचकले. इतके, की एक पाऊल मागे सरले.

"बोललीस," ते म्हणाले. मग सावकाश, शब्द चाचपत, "मला वाटलं, तुला माझ्याशी बोलायचंच नाही. ही म्हणायची, बोलते की, जरा लाजते. मला नुसते ओठ हलताना दिसायचे. म्हटलं, पुटपुटते. असला ग्रीसने माखलेला सासरा, पोरगी काय म्हणत असेल मनातल्या मनात. म्हणून मी आपला बघायचोच नाही तुझ्याकडे."

तिने त्यांचा हात धरला आणि नखात काळी रेघ बसलेलं त्यांचं बोट पेल्याच्या अंगाला लावलं.

बोट तिथेच राहिलं. पेल्याचा गार पत्रा आतून थरथरत होता, मुंग्यांची रांग चालावी तसा. सासऱ्यांनी पेल्यात पाहिलं, सिंककडे पाहिलं. पेला पुन्हा कानाशी नेला, या कानाला, त्या कानाला, आणि पुन्हा बोट लावून पाहिलं. मग तो इतक्या हलक्या हाताने ओट्यावर ठेवला, जणू कुणाच्या तरी इंजिनाचा खोललेला भाग होता.

"कधीपासून?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "मी आल्यापासून तरी."

ते स्टुलावर बसले. कानामागचं हाड तळहाताने पुसत राहिले.

"इंजिनाचं येतं मला ऐकू," ते म्हणाले. "सगळं येतं."

तिने होकाराने मान हलवली.

"आणि तू रोज बोलायचीस?"

"रोज."

"काय बोलायचीस?"

तिने आठवून पाहिलं. इतक्या दिवसांचं केवढं तरी साठवून ठेवलं होतं, शब्दाला शब्द जुळवून, आज सोडा पिता पिता सुनवायचं म्हणून. त्यातलं काही हाताला लागेना.

"चहा ठेवू का, असं विचारायचे," ती जाड आवाजात म्हणाली.

सासरे तिच्या ओठांकडे बघत राहिले. पेल्यातला सोडा आता खरोखरच निवत चालला होता.

"ठेव," ते म्हणाले.