ओला कापूस

"धरलाय का नीट?" भीमाशंकरनं स्टुलावरून विचारलं.

"धरलाय. पण पंडितला बोलवा की. वायरमन माणूस गल्लीतच राहतोय," खालून सिद्धम्मा म्हणाली.

"घरच्या कामाला परका हात काहून? दोन तारा जोडायला काय बालिस्टर लागतोय का?"

सिद्धम्मानं स्टूल आणखी घट्ट धरला. या माणसापुढं बोलून उपयोग नसतो हे तिला लग्नाच्या वर्षीच कळलं होतं. भीमाशंकर सेलूच्या मोंढ्यातला, शेतमालाच्या बाजारातला मापाडी. दिवसभर लोकांचा कापूस तोलायचा आणि घरी आला की काहीतरी दुरुस्त करायचा. स्टो, कंदील, चपला, घड्याळ, काही सुटलं नव्हतं. त्यानं दुरुस्त केलेलं घड्याळ चालायचं झकास, पण ठोके भलतेच द्यायचं. छत्री उघडायची, मिटायची नाही. सिद्धम्मा ती उघडीच घेऊन भर बाजारातून घरी यायची आणि सावलीतही कुणी हसलं तर म्हणायची, "ऊन लय हाय बाई." नवऱ्याचं मन मोडायचं तिच्या जिवावर यायचं.

या वेळी मात्र भीमाशंकरला हौस कमी आणि काळजी जास्त होती. लेक महानंदा बाळंतपणाला आली होती. तिचं पहिलं लेकरू मागल्या उन्हाळ्यात हाती लागलं नव्हतं. आता ही पोरगी झाली, आणि तीही ऐन वैशाखात. बाळंतिणीची खोली म्हणजे भट्टी. लेकराच्या अंगावर घामोळ्यांचा नुसता सडा. लेकरू रडलं की भीमाशंकर उपरण्यानं वारा घालत बसायचा. शेवटी त्यानं आपल्या अडत्याकडून नवाकोरा टेबल पंखा मागून आणला. पण घरात वीज होती ती बाहेरच्या खोलीतल्या एका दिव्यापुरती. मग त्या दिव्याच्या तारांना तारा जोडून त्या आतल्या खोलीत ओढायच्या आणि भिंतीवर पंख्यासाठी पिलग बसवायचा, असा बेत ठरला.

तारा कमी पडल्या. पिलगाच्या वर, भिंतीलाच, त्यानं दुसरा तुकडा जोडला. जोड उघडा राहिला. चिकटपट्टी घरात नव्हती, पण कापूस होता. मोंढ्यातल्या माणसाच्या घरी कापसाला काय तोटा! त्यानं जोडाला चांगला जाड कापूस गुंडाळला आणि वरून सुतळी आवळली.

"कापसातून वीज जात न्हाई," तो खाली उतरून म्हणाला. "लाव आता बटन."

पंखा फिरला. लेकराची जावळं भुरभुरली, आणि ते रडायचं थांबून टकामका बघायला लागलं. महानंदा हसली. कितीतरी महिन्यांनी हसली पोरगी! भीमाशंकरनं उपरण्यानं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं. सिद्धम्मालाही वाटलं, आपण उगीच पंडित पंडित करत होतो.

चार दिवसांनी महानंदा म्हणाली, "आप्पा, पंख्याला हात लावला की मुंग्या यायलेत."

"नवा हाय, अंगात जोर हाय त्याच्या. पायाखाली गोणपाट टाक."

"पंडितला दाखवा एकदा," सिद्धम्मा म्हणाली.

"दाखवू की. बारसं होऊ दे."

बारशाच्या आदल्या सकाळी सिद्धम्मानं घर पोतारायला काढलं. मठातले स्वामी येणार, लिंगायतांच्या रीतीनं लेकराला लिंग बांधणार, व्याही-विहीण येणार. धुरकटल्या भिंती दाखवायच्या का त्यांना? तिनं घमेल्यात पांढरी माती कालवली. लेकराला घेऊन महानंदा बाहेर ओसरीवर बसली. सिद्धम्मानं पंख्याचं बटन आठवणीनं बंद केलं. बटन बंद म्हणजे वीज बंद, असंच सगळी गल्ली समजत होती; बटनाआधीच्या जोडात ती तशीच खेळत होती. मग पदर खोचून तिनं ओलं पोतेरं भिंतीवर फिरवायला सुरुवात केली. पांढरं पाणी भिंतीवरून ओघळत होतं. पिलगावरच्या कापसापर्यंत ते कधी पोचलं, तिच्या ध्यानातही आलं नाही.

भीमाशंकर केळीचे खांब घेऊन आला तेव्हा सिद्धम्मा भिंतीला हात लावून उभी होती. दमली असेल, असं त्याला वाटलं. "बस की जरा," तो म्हणाला. ती बोलली नाही. वळली नाही. तिचा चुडा मात्र एकसारखा किणकिणत होता.

त्यानं धावत जाऊन तिचा दंड धरला आणि तो स्वतःच फेकला गेला.

"काय झालं आप्पा?" महानंदा लेकरासकट दारात आली.

"येऊ नगं! मायला हात लावू नगं! लेकरू घेऊन मागं हो!" तो जिवाच्या आकांतानं ओरडला. कोपऱ्यात त्याचा काटा टांगायचा वाळका बांबू उभा होता. तो उचलून त्यानं सिद्धम्माच्या हाताला जोरानं रेटा दिला. ज्या बाईला जन्मात कधी चापट मारली नाही, तिला त्यानं बांबूनं ढकललं. ती कोसळली. मग धावत जाऊन त्यानं मेन बंद केला. परत येऊन तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि लहान लेकरासारखा हाका मारत सुटला, "महानंदाची माय! अगं ए! बोल की काहीतरी!"

बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. म्हणाली, "भिंत अर्धीच राहिली बगा."

सिद्धम्मा वाचली. उजवा तळहात मात्र भाजला होता. डॉक्टरांनी मलमपट्टी केली आणि सांगितलं, जखम भरेल, बोटांचं काही सांगता येत नाही.

त्याच दिवशी पंडितला बोलावणं गेलं. तो येईपर्यंत भीमाशंकर त्या जोडाकडं बघत बसला होता. मेन बंद होताच. त्यानं सुतळी सोडून कापूस हातात घेतला आणि चिमटीत दाबला. पांढरं पाणी मनगटापर्यंत ओघळलं. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारून आणणारे लोक त्यानं अख्खी उमर पकडले होते. ढिगात नुसता हात घातला की त्याला कळायचं, आणि मग गाडी परत. कापूस पाणी कसा पितो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? आणि तोच कापूस त्यानं लेकीच्या उशाशी बांधला होता. लेकराचा पाळणा त्या भिंतीपासून हातभर लांब.

"पंडित," तो म्हणाला, "म्या मारलं असतं रे घर सगळं."

पंडितनं त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "मामा, वाचल्या मामी. तुमी स्टूल धरा बरं माझा."

भीमाशंकरनं स्टूल धरला. दोन्ही हातांनी, काम संपेपर्यंत.

बारसं पुढं ढकललं. सिद्धम्माच्या हाताची पट्टी सुटल्यावर मग स्वामी आले, व्याही-विहीण आले. अर्धी पोतारलेली भिंत भीमाशंकरनं स्वतः पोतारली, पट्टे पट्टे ठेवून का होईना. बाहेर माणसं जमत होती तेव्हा सिद्धम्मा न्हाऊन आत पूजेला बसली. डाव्या तळहातावर गळ्यातलं लिंग घेतलं आणि उजव्या हातानं विभूती लावायला गेली. मधली तिन्ही बोटं वाकडीच राहिली होती, ती सरळ होईनात. कपाळावर तीन रेघांच्या जागी नुसता फराटा उठला. तिनं तो पुसला, परत लावला, परत पुसला. मग गुपचूप पदर पुढं ओढला.

भीमाशंकर दारातून बघत होता. तो आत येऊन तिच्यापुढं बसला.

"इकडं बघ."

"अहो, पाव्हणे बसलेत बाहेर."

"बसू दे." त्यानं पदर मागं सारला, फराटा पुसला, विभूतीत तीन बोटं घासली आणि तिच्या कपाळावर ओढली.

"वाकडी आली का?"

तिनं समोरच्या आरशात पाहिलं. "आली."

"पुसू?"

"नगं." ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "तुमच्या हातचं कंदी सरळ आलंय? ऱ्हाऊ द्या."

बाहेर विहीणबाईंच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. पाळण्यापाशी त्या हळूच म्हणाल्या, "विभूती वाकडी झालीय की हो."

सिद्धम्मानं उजवा हात पदराखाली घेतला. डाव्या हातावर नात सावरली.

"असू द्या," ती म्हणाली, "घरचं काम हाय."