मोतीबाईने अडवलेल्या गोळ्या

पदूला हिवताप निघाला. मलेरियाच्या कर्मचाऱ्याने त्याला पाच दिवसांच्या बारक्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी त्याची लघवी कोऱ्या चहासारखी काळी झाली, डोळे पिवळे पडले. पंचविशीतला गडी ओटीवरून अंगणात येईतो धापा टाकू लागला.

त्याची थोरली बहीण मोतीबाई हिने उरलेल्या गोळ्या पदराला बांधल्या.

"डोस पुरा करावा लागंल," कर्मचारी म्हणाला. "कावीळ झालीय. गोळीचा काय संबंध?"

"आमच्या मामालाबी अशीच गोळी दिली व्हती. त्योबी काविळीनंच गेला म्हनाले."

"मला साहेबांना कळवावं लागंल."

"कळीव. मोतीबाईनं आडवलं, असं लिव. पदूचं नाव नको."

कशेळ्याहून एसटीने तिने भावाला कर्जतच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरही कावीळच म्हणाले. तिने गोळ्या टेबलावर ठेवल्या, मामाची हकीकत सांगितली आणि उठलीच नाही. शेवटी डॉक्टरांनी पदूला रक्त चढवलं, गोळ्या बंद केल्या आणि रक्तातच काही दोष आहे का, ते तपासायला त्याचं रक्त मुंबईला पाठवलं.

अहवाल आला, दोष नाही. गावात सगळे मोतीबाईला हसले. पदूही म्हणाला, "जाऊ दे गं आक्का."

"मी माज्या डोळ्यानं बघितलंय," ती म्हणाली आणि पुन्हा कर्जतला गेली.

या वेळी डॉक्टर पुस्तक उघडूनच बसले होते. "चूक माझी झाली, रक्त फार लवकर तपासलं," ते म्हणाले. "या गोळीसारख्या काही औषधांचा रक्तातल्या लाल पेशींवर मारा होतो. तो परतवायला पेशीत एक द्रव्य असतं. पदूच्यात ते कमी असणार. पेशी जुनी झाली की आणखी कमी होतं. जुन्या पेशी फुटून गेल्या, नव्या तगल्या. आपण तपासल्या त्या नव्या आणि बाहेरून चढवलेल्या. तीन महिन्यांनी पुन्हा पाहू."

माघात पुन्हा रक्त मुंबईला गेलं. दोष निघाला. आईला स्वतःला त्रास नसला तरी तिच्याकडून मुलाला येतो, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"म्हंजे मामाबी त्यानंच गेला?"

"आता सिद्ध करता येणार नाही. पण तसंच वाटतं."

मोतीबाईने टेबलावरचा कोरा कागद डॉक्टरांपुढे सरकवला. मग म्हणाली, "ह्ये कागदावर लिवून द्या. आन् माज्या दोन्ही पोरांचं रगात आजच घ्या. भाईर हुबी हायती."