हरितरसातली गोळी

मनुष्याच्या रक्तदाबावर झाडांचा ताबा असतो. हे चिरंतन सत्य हिरवे महाराजांनी आम्हाला भाड्याच्या सभागृहात, प्लास्टिकच्या वेलींखाली बसून सांगितलं.

पुढच्याच रांगेत आमच्या वहिनी होत्या. रक्तदाबाच्या गोळ्या सोडून महिनाभर महाराजांचा हरितरस घेत होत्या आणि दाब खरोखर उतरला होता. पाय मात्र सुजून चपलेत मावेनात.

"महाराज, हे पाय?"

"रोग खाली सरकतोय, माई. तळव्यातून निघून जाईल."

टाळ्या. कुणीतरी डोळेही पुसले.

मागून एक डॉक्टर उठले. "रसात गोळी आहे. मी तपासून घेतलाय."

"कशात घालून?"

डॉक्टरांनी एका विषारी द्रावकाचं नाव घेतलं. महाराज खुलले. "विषात बुडवाल तर विषच सापडणार! पानांना राग नाही येत? विषाशिवाय तपासा, मग बोलू."

वहिनींची मुलगी, माझी पुतणी, औषध कारखान्यात रक्तदाबाच्या गोळ्या तपासते. वापरलेलं द्रावक शेवटी गटारात जातं, म्हणून तपासणीतून तेच हद्दपार करायच्या खटपटीत ती वर्षभर होती.

"काका," ती कुजबुजली, "यांना माझीच पद्धत हवीय." आणि उठली. "महाराज, पाणी आणि उसाच्या मळीचं अल्कोहोल चालेल?"

"चालेल की, बेटी! ऊस म्हणजे वनस्पतीच!"

तिने कारखान्यातल्या साहेबांची परवानगी काढली आणि रस पाणी-अल्कोहोलासोबत क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रात सोडला. मिश्रण बारीक नळीतून पळवायचं. प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर पडतो. मग ॲम्लोडिपिन, म्हणजे रक्तदाबाच्या एका नेहमीच्या गोळीतलं औषध, शुद्ध स्वरूपात पळवलं. वेळ जुळली, प्रकाश शोषण्याचा वर्णपटही जुळला.

निकाल तिने आधी घरी दाखवला.

"आई, ही गोळी आपल्या डॉक्टरांनी मागे तुझी का बंद केली होती?"

"पाय सुजायचे म्हणून," वहिनी म्हणाल्या आणि आपल्या पायांकडे बघत राहिल्या. मग बाटली मोरीत ओतायला उठल्या. "थांब," पुतणी म्हणाली, "गटारात नको. पुरावा आहे तो."

पुढच्या सभेला पुतणीने निकाल वाचून दाखवला. महाराजांनी खुलासा केला: झाडानेच करुणेपोटी गोळी तयार केली.

"पाकिटासकट?" वहिनींनी विचारलं. सभागृह हसलं. हरितरस तिथेच संपला.

कुणी चमत्कार पाजायला आला, तर एवढंच विचारा: यात आहे काय, आणि तपासलं कुणी? राग पानांना येत नाही, विकणाऱ्याला येतो.

वहिनींचा दाब आता ताब्यात आहे. दुसऱ्या गोळीने.